अर्ध्या मिलिमीटरची भिंत

प्रति,
महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचे सन्माननीय सदस्य, दंत महाविद्यालयांतील शिक्षक आणि गावोगावच्या माझ्या दंतवैद्य बंधू-भगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक मुलगी आली. वय विशीच्या आत-बाहेर, पोलीस भरतीची तयारी करणारी. म्हणाली, "मॅडम, दुखत काहीच नाही. पण हिरडीवर पुळी येते, फुटते, परत येते." खालची पहिली दाढ. वर दाताच्या रंगाचं फिलिंग, कडा नीट जुळलेल्या, चावा बरोबर. कुणीतरी मन लावून केलेलं काम होतं ते. एक्स-रे काढला तर फिलिंगचा तळ नसेला जवळजवळ टेकलेला आणि मुळाच्या टोकाशी काळी सावली. दाढ आतून मेली होती. कधी मेली, ते तिलाही कळलं नव्हतं.

तिने जुना केस पेपर जपून ठेवला होता. त्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख, दाताचा क्रमांक आणि दोन शब्द होते, "फिलिंग केले". खड्डा किती खोल होता, नस उघडी पडली होती का, तळाशी काही लावलं होतं का, बाँडिंग, म्हणजे फिलिंग चिकटवणारं द्रव्य, कोणतं, ते घट्ट करायला लाइट किती सेकंद दिला, यातलं एक अक्षर नाही. त्यामुळे त्या दाढेचं काय झालं हे मी तिला सांगू शकले नाही. जंतू आधीच नसेपर्यंत पोचले असतील. फिलिंगच्या कडेतून नंतर शिरले असतील. बाँडिंगचं रसायन आत उतरलं असेल. लाइटची उष्णता लागली असेल. चारही शक्य आहेत आणि त्यांतलं एकही सिद्ध करता येत नाही. मी रूट कॅनाल केलं, वर कॅप बसवली. तिच्या आईने त्यासाठी बचत गटातून उचल घेतली.

हे पत्र त्या दोन शब्दांबद्दल आहे. खोल किडलेल्या दातात आपण बाँडिंग लावतो तेव्हा त्या बाँडिंगच्या आणि जिवंत नसेच्या मध्ये किती डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उरलं होतं, आणि आपण तिथे काय लावलं, हे आपण लिहून ठेवत नाही. ते लिहिणं परिषदेने सक्तीचं करावं, महाविद्यालयांनी ते पहिल्या रुग्णापासून शिकवावं आणि आपण सर्वांनी आजपासून सुरू करावं, एवढी माझी मागणी आहे. ती का, हे जरा विस्ताराने सांगते, कारण हे पत्र दंतवैद्यांखेरीज इतरही वाचतील.

ज्याला आम्ही दवाखान्यात बाँडिंग म्हणतो तो म्हणजे दात आणि कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) यांच्यामधला पातळ डिंक. ब्रशच्या टोकावर एक थेंब घ्यायचा, खड्ड्यात चोळायचा, हवेने पातळ करायचा, निळा लाइट द्यायचा. याची सुरुवात 1955 सालची. अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये मायकेल बुनोकोर यांनी दाताच्या वरच्या कवचावर, म्हणजे इनॅमलवर, फॉस्फोरिक ॲसिड लावलं आणि दाखवून दिलं की त्या खरबरीत झालेल्या पृष्ठभागाला प्लास्टिक घट्ट धरून ठेवतं. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नाहीत. त्याला ॲसिड लागलं तर दुखत नाही, सुजत नाही. म्हणून तिथे हे तंत्र पटकन रुळलं.

डेंटिनचं तसं नव्हतं. डेंटिन हाडासारखं दिसतं, पण त्यात सूक्ष्म नळ्यांचं जाळं असतं आणि त्या नळ्या सरळ नसेपर्यंत जातात. नसेच्या काठावरच्या, डेंटिन रचणाऱ्या पेशींचे धागे त्या नळ्यांत शिरलेले असतात, आत पाणी असतं, आणि आतून बाहेर हलका दाब असतो. थंड पाण्याने दात शिवशिवतो तो या नळ्यांतलं पाणी हलतं म्हणून. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात हे उलगडून सांगितलं. या नळ्यांची मोजणीही झाली आहे. इनॅमलच्या जवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण 20,000 नळ्या असतात आणि त्या बारीक असतात. नसेच्या जवळ त्याच जागेत 45,000 च्या आसपास असतात आणि प्रत्येकीचा व्यास जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे कीड खरवडत आपण जितकं खाली जातो तितकी नसेवरची डेंटिनची भिंत नुसती पातळ होत नाही, तिला जास्त आणि मोठी भोकंही पडत जातात. वरच्या डेंटिनला लागू असलेलं गणित तळाशी चालत नाही, हे विद्यार्थ्यांना आपण आकृती काढून शिकवतो. पुढे क्लिनिकमध्ये मात्र वरही आणि तळाशीही तीच बाटली, तोच ब्रश आणि तेच सेकंद चालतात.

1979 मध्ये जपानच्या ताकाओ फुसायामा यांनी इनॅमलबरोबर डेंटिनलाही ॲसिड लावून चिकटवण्याचं तंत्र मांडलं, तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्याला मोठा विरोध झाला. जिवंत डेंटिनवर ॲसिड लावायचं ही कल्पनाच अनेकांना पटेना. 1982 मध्ये नोबुओ नाकाबायाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ॲसिडने उघड्या पडलेल्या कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांत रेझिन, म्हणजे बाँडिंगमधलं प्लास्टिकसारखं द्रव्य, मुरतं आणि दोघांचा मिळून एक थर तयार होतो. तो थर म्हणजे आजच्या सगळ्या चिकट दंतोपचाराचा पाया आहे. मी या शास्त्राची ऋणी आहे. चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं अमाल्गम, भरायची तर ती अडकून राहावी म्हणून चांगला दातही कोरावा लागायचा. बाँडिंग आल्यापासून किडलं तेवढंच काढता येतं. लहान मुलांच्या पुढच्या तुटलेल्या दातांना आम्ही एका बैठकीत रूप देतो, तेही याच डिंकामुळे. तेव्हा मी हे तंत्र बंद करा म्हणतेय असं कृपया कुणी समजू नये.

पण डिंकात काय असतं हे पाहिलं पाहिजे. बहुतेक बाँडिंगमध्ये हेमा नावाचा छोटा, पाण्यात सहज मिसळणारा रेणू असतो. ओलसर डेंटिनमध्ये शिरायला तोच उपयोगी पडतो. त्याचा रेणुभार 130, तर त्याच बाटलीतल्या बिस-जीएमए या मोठ्या रेणूचा 512. लाइट दिल्यावर हे रेणू एकमेकांचे हात धरून साखळी करतात. बिस-जीएमएला दोन हात आहेत. एक जरी गुंतला तरी तो साखळीत अडकून राहतो. हेमाला हात एकच. तो रिकामा राहिला की रेणू मोकळाच राहतो. आणि लाइट कितीही चांगला असला तरी सगळे हात कधीच जुळत नाहीत. उरलेला मोकळा हेमा पाण्याबरोबर त्या नळ्यांतून खाली जाऊ शकतो. आतला दाब त्याला बाहेर ढकलतो खरा, पण इंजेक्शनमधल्या ॲड्रेनलिनने नसेचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो तेव्हा तो दाबही उतरलेला असतो.

पेशींवर हेमा आणि टेग-डीएमए हा बाँडिंगमधला आणखी एक छोटा रेणू काय करतात याचा अभ्यास जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये गॉटफ्रीड श्माल्झ आणि हेल्मुट श्वाइकल यांच्या गटाने अनेक वर्षं केला आहे. पेशीतलं ग्लुटाथायोन, म्हणजे विषारी द्रव्यांशी लढणारं तिचं स्वतःचं संरक्षण, हे रेणू खर्च करून टाकतात. मात्रा मोठी असेल तर पेशी मरते. मात्रा लहान असेल तर जगते, पण नवं डेंटिन रचायचं तिचं काम मंदावतं. मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. खोल खड्ड्याखालच्या नसेकडून आपली अपेक्षा हीच असते की तिने आतून नवी भिंत घालावी. ती करायची ताकदच आपण कमी केली तर दात दुखणार नाही, पण सावरणारही नाही. काचेच्या बशीतल्या पेशी आणि माणसाचा दात यांत फरक आहे, हे मान्य. मध्ये डेंटिन असतं. ते रसायन शोषून घेतं, पातळ करतं. सगळा प्रश्न तो थर किती उरला आहे यावर येऊन ठेपतो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण ती न सांगता दुसऱ्यांना उपदेश करणं बरोबर नाही.

मी 1996 पासून सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. 1998 मध्ये एका मोठ्या शहरात दोन दिवसांच्या अभ्यासवर्गाला गेले होते. तिथे सांगितलं गेलं की नस उघडी पडली तर आता तिच्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा नेहमीचा लेप लावायची गरज नाही. रक्त थांबवा, ॲसिड लावा, धुवा, सरळ नसेवर बाँडिंग लावा आणि कॉम्पोझिट भरा. मुद्दा पटणारा होता. नस मरते ती जंतूंमुळे, आणि बाँडिंगइतकं घट्ट झाकण दुसरं नाही, मग झाकणच औषध. माकडांच्या दातांतल्या काही प्रयोगांत अशा नसा भरून आल्याही होत्या. मी घरी आले आणि तसं करू लागले. रुग्ण खूश असायचे. रूट कॅनाल टळलं, पैसे वाचले, दुसऱ्या दिवशी ठणका नाही. पुढच्या दोन-चार वर्षांत त्यातले काही दात काळवंडून परत आले, काहींच्या मुळाशी गळू झालं, काही रुग्ण परत आलेच नाहीत. त्यांचं काय झालं मला माहीत नाही. हा सल मी आजही वागवते.

मी ते करत होते त्याच वर्षी, 1998 मध्ये, कॉर्नेलिस पामायर आणि हॅरल्ड स्टॅन्ली यांनी माकडांच्या उघड्या नसांवर ॲसिड आणि बाँडिंग लावून पाहिलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष छापले होते. त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच 'विनाशकारी परिणाम' असे शब्द वापरले. 1999 मध्ये ब्राझीलच्या जोसिमेरी हेबलिंग, कार्लोस डी सूझा कोस्टा आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या दातांवर पाहिलं. तारा बसवण्यासाठी जे उपदाढेचे चांगले दात काढायचेच होते त्यांत, रुग्णांच्या संमतीने, नस मुद्दाम उघडी करून एकीकडे बाँडिंग आणि दुसरीकडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावलं. काही आठवड्यांनी दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. कॅल्शियम हायड्रॉक्साइडखाली नव्या डेंटिनचा पूल तयार होत होता. बाँडिंगखाली नसेत रेझिनचे गोळे विखुरलेले होते, त्यांना गिळायला आलेल्या मोठ्या पेशींची गर्दी होती, सूज रेंगाळलेली होती आणि पूल नव्हता. कारण समजण्यासारखं आहे. उघड्या नसेवर ओल असते, रक्त झिरपत असतं, ॲसिड लावलं की ते आणखी वाहतं. अशा ओलीत बाँडिंग नीट घट्ट होत नाही, आणि घट्ट न झालेलं बाँडिंग म्हणजे सुटी रसायनं. याच गटाने खोल पण न उघडलेल्या खड्ड्यांतही पाहिलं. जिथे डेंटिन 0.3 मिलिमीटरपेक्षा कमी उरलं होतं तिथे ॲसिड आणि बाँडिंगखालच्या नसेत सूज दिसली.

पामायर यांच्याबरोबरचे हे स्टॅन्ली कोण, हे मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगते. 1965 मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झेराल्ड यांनी जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढा कोरून नसा उघड्या केल्या आणि तशाच सोडल्या. त्यात अन्न अडकलं, कचरा अडकला, तरी नसा बऱ्या झाल्या. साध्या उंदरांच्या नसा मेल्या. जंतू हाच खरा शत्रू, हे ज्या प्रयोगाने सिद्ध केलं त्यातलेच हे स्टॅन्ली. 'झाकण घट्ट असलं की झालं' हे म्हणायचा सर्वांत जास्त अधिकार ज्यांना होता, त्यांनीच तेहेतीस वर्षांनी सांगितलं की कशाने झाकता तेही पाहा.

या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला हव्यात. वर्गात बरेचदा एकीचाच पक्ष घेतला जातो. भिंत जाड असेल, एक मिलिमीटर किंवा जास्त, तर आजची बाँडिंग नसेला सोसवतात. चांगलं झाकलेलं फिलिंग तिथे नसेला वाचवतंच. ज्यांच्या दातांत अशी फिलिंग आहेत त्यांनी हे पत्र वाचून घाबरू नये, बदलून घ्यायला धावू नये. बिस-जीएमए तयार करताना बिस्फिनॉल-ए वापरतात, त्यावरून व्हॉट्सॲपवर जे फिरतं तेही मी इथे बाजूला ठेवते. दातातून सुटणारी त्याची मात्रा फार थोडी असते आणि माझी काळजी ती नाही. माझी काळजी अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या दातांची आहे.

तिथे काय करावं यावर सगळे एकमत आहेत असं मी म्हणणार नाही. फिलिंगखाली अस्तर लावल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं 2016 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यानेही म्हटलं. मध्यम खोलीच्या खड्ड्यात मीही आता अस्तर लावत नाही. पण उघड्या नसेबाबत दिशा स्पष्ट झाली आहे. युरोपच्या एंडोडाँटिक (दाताच्या नसेवरच्या उपचारांच्या) संस्थेने 2019 मध्ये दिलेल्या भूमिकेत उघड्या नसेवर एमटीएसारखं कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट लावायला सांगितलं आहे. महमूद तोराबीनेजाद यांनी 1993 च्या सुमारास आणलेलं एमटीए ओलीतच घट्ट होतं. बाँडिंगचं जे वैर ओलीशी आहे ते त्याचं नाही. आणि नस उघडी पडण्याची वेळच येऊ नये म्हणून 2016 पासून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ सांगत आहेत की जिवंत, न दुखणाऱ्या दातात नसेजवळची मऊ कीड टोकाला जाऊन खरवडू नका. कडा स्वच्छ करा, तळाशी थोडं राहू द्या, वर घट्ट झाका. माझ्या पिढीला परीक्षेत याच्या उलट उत्तर लिहून गुण मिळाले आहेत. एमटीए महाग वाटत असेल तर न उघडलेल्या खोल तळाशी लावायला ग्लास आयोनोमर सिमेंटचा एक थेंब प्रत्येक टेबलावर असतो. तो लावायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं आपण का देत नाही?

आता दवाखान्यातल्या ज्या गोष्टी कोणत्याही निबंधात नसतात त्यांबद्दल. आमच्याकडे मे महिन्यात पारा 43 च्या वर जातो. बाँडिंगच्या बाटलीत अल्कोहोल किंवा ॲसिटोन असतं. झाकण उघडं राहिलं, बाटली टेबलावर उन्हाच्या कवडशात राहिली, की ते उडून जातं आणि उरलेलं द्रव्य घट्ट होतं, नीट मुरत नाही. थंड ठेवायची बाटली फ्रिजमध्ये असते खरी, पण वीज जाते आणि फ्रिज दुपारभर बंद असतो. कंप्रेसरची हवा ओली आणि तेलकट येते. त्याच हवेने आपण बाँडिंग पातळ करतो. त्या तेलाचा थर डोळ्याला दिसत नाही. लाइटच्या टोकावर जुनं कॉम्पोझिट चिकटून वाळलेलं असतं, त्यामुळे वीस सेकंद दिल्यावरही खाली पोचायचा तेवढा प्रकाश पोचत नाही. लाइटची ताकद मोजायचं छोटं यंत्र मिळतं. किती दवाखान्यांत आहे? माझ्याकडे ते आलं तेव्हा दवाखाना सुरू होऊन पंधरा वर्षं उलटली होती. अर्धवट जुळलेलं बाँडिंग म्हणजे जास्त सुटा हेमा, आणि तो पातळ भिंतीवर.

उलट बाजूही आहे. नवे लाइट इतके प्रखर आहेत की खोल तळाशी जवळ धरले तर उष्णता लागते. झॅक आणि कोहेन यांनी 1965 मध्येच माकडांवर दाखवलं होतं की नसेचं तापमान 5.5 अंश सेल्सिअसने वाढलं तर सुमारे 15 टक्के नसा सावरत नाहीत. बाँडिंगचा थर कागदापेक्षा पातळ असतो, तो उष्णता अडवत नाही. लाइट देताना बाजूने हवेचा हलका झोत ठेवावा, थोडं थांबून द्यावं, एवढं साधं आहे हे. पण ते कुणीतरी सांगावं लागतं.

आणि आपली बोटं. हेमा साध्या लॅटेक्सच्या हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जातो. माझ्या एका मदतनीस मुलीच्या बोटांची टोकं भेगाळून सोलत होती. साबण बदलला, मलम लावलं, काही होईना. बाँडिंगला हात लावू नकोस म्हटल्यावर हळूहळू थांबलं. याच रेणूची ॲलर्जी नखांच्या जेल पॉलिशमुळे युरोपात इतकी वाढली की तिथे तो नखांच्या उत्पादनांत फक्त व्यावसायिकांनीच वापरावा असा नियम करावा लागला. एकदा ॲलर्जी झाली की ती जन्माची. आपल्या मदतनीस मुलींना हे सांगितलेलं असतं का? त्यांना कधीतरी मोडलेल्या हाडात बसवायला रेझिनचं सिमेंट लागू शकतं, तेव्हाही हीच ॲलर्जी आड येऊ शकते.

हे सगळं आत्ताच का लिहिते आहे? कारण चांदी जाते आहे. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता कराराच्या 2022 च्या बैठकीत 15 वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी चांदी वापरू नये असं ठरलं. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून ती जवळजवळ बंदच केली. आपला देशही या करारात आहे. पर्यावरणासाठी ते योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की ज्या खोल दाढा आजवर चांदीने भरल्या जात होत्या त्यांत आता बाँडिंग जाणार. त्यातल्या बऱ्याच मुलांच्या. सहाव्या वर्षी येणारी पहिली दाढ किडते सर्वांत आधी, आणि मुलांची नस मोठी, नळ्या रुंद, भिंत मुळातच पातळ. शाळेच्या तपासणी शिबिरात ज्या दाढांवर आपण टिंब काढतो, त्याच या.

म्हणून परिषदेला माझी विनंती आहे. केस पेपरच्या नमुन्यात खोल फिलिंगसाठी चार गोष्टी लिहिणं बंधनकारक करा. उरलेल्या डेंटिनचा अंदाज, तळाशी काय लावलं, बाँडिंगचं नाव आणि बॅच क्रमांक, आणि कामाआधी दात थंडीला प्रतिसाद देत होता की नाही. डेंटिनची जाडी तंतोतंत मोजता येत नाही हे मला ठाऊक आहे. एक्स-रेवरून, तळाच्या रंगावरून, आतून उमटणाऱ्या गुलाबी छटेवरून अंदाजच येतो. एक मिलिमीटरपेक्षा जास्त, अर्धा ते एक, अर्ध्यापेक्षा कमी, उघडी, एवढ्या चार पायऱ्या पुरेत. अंदाज लिहायचा म्हटलं की डोळा तिथे थांबतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. लिहायला लागल्यापासून माझा हात तळाशी हळू झाला.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांतील शिक्षकांना विनंती, की इंटर्नशिपच्या वहीत पूर्ण झालेल्या फिलिंगचा आकडा मागता तसा एका वर्षाने परत बोलावून तपासलेल्या खोल फिलिंगचा आकडाही मागा. नस मरते तेव्हा दवाखान्यात कुणी नसतं. परत बोलावल्याशिवाय विद्यार्थ्याला आपलं काम कधी कळणारच नाही. रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून कोरडा ठेवणारा रबरी पडदा, लावायला शिकवता, तर तो खोल दातात न लावल्यास सही देऊ नका.

सीडीईच्या, म्हणजे दंतवैद्यांच्या निरंतर शिक्षणाच्या, गुणांबद्दलही बोलायला हवं. बाँडिंगचे बहुतेक प्रात्यक्षिक वर्ग माल विकणारेच भरवतात. चहा, जेवण, बॅग, आणि दुपारनंतर ऑर्डर फॉर्म. तिथे बाँडिंगची ताकद मेगापास्कलमध्ये सांगतात. कुठल्या खोलीपर्यंत ते वापरू नये, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात असतं, पण वर्गात कुणी वाचून दाखवत नाही. परिषदेने अशा वर्गांना गुण देताना एक तास जिवंत नसेसाठी राखून ठेवावा आणि तो तास विक्रेत्याचा पगार न घेणाऱ्या माणसाने घ्यावा, अशी अट घालावी.

आणि नोंदवही तर आधीच तयार आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. आपली बाटलीही त्यात आली. गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाचा साधनांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा कार्यक्रम 2015 पासून चालू आहे. हृदयातल्या स्टेंटची तक्रार तिथे जाते. दातातल्या डिंकाची का जाऊ नये? बाँडिंगनंतर महिना उलटून गेल्यावरही शिवशिवणारा दात, वर्षभरात मेलेली नस, मदतनिसाच्या बोटांवरचा पुरळ, हे आपण एकमेकांना फोनवर सांगतो आणि विसरून जातो. परिषदेने त्या कार्यक्रमाचा अर्ज मराठीत करून प्रत्येक नोंदणीकृत दंतवैद्याला पाठवावा. बॅच क्रमांक लिहिलेला असेल तरच त्या तक्रारीला अर्थ आहे, म्हणून मी वर तो मागितला.

काही सहकारी म्हणतील, रोजचे वीस-पंचवीस रुग्ण, त्यात आणखी लिहायचं कधी? आणि लिहिलं तर उद्या तोच कागद ग्राहक आयोगात आपल्याविरुद्ध वापरला जाईल. पहिल्याचं उत्तर असं की मला हे लिहायला एका रुग्णामागे एक मिनिटही लागत नाही. दुसरी भीती मी हलकी मानत नाही; तालुक्याच्या गावी एक तक्रार म्हणजे काय हे मलाही माहीत आहे. पण "भिंत अर्ध्यापेक्षा कमी, तळाशी कॅल्शियम सिलिकेट, रुग्णाला सांगितले की नस पुढे मरू शकते, सहा महिन्यांनी बोलावले" असं लिहिलेला कागद दंतवैद्याच्या बाजूने उभा राहतो. "फिलिंग केले" हा कागद कुणाच्याच बाजूने उभा राहत नाही. त्या पोलीस भरतीच्या मुलीच्या दाढेवर ज्यांनी काम केलं त्यांनी कदाचित सगळं बरोबर केलं असेल. ते म्हणायलाही त्यांच्याकडे आज काही नाही.

माझ्या दवाखान्यातल्या केस पेपरचा नमुना या पत्रासोबत जोडला आहे. त्यात सुधारणा करा, रकाने कमी करा, नावं बदला, माझी हरकत नाही. परिषदेने किंवा कुठल्याही महाविद्यालयाने बोलावलं तर मी येईन, आणि येताना 1998 ते 2002 या वर्षांच्या माझ्या जुन्या वह्याही घेऊन येईन. त्या काळात ज्या दातांच्या उघड्या नसेवर मी बाँडिंग लावलं, त्यांच्यासमोर मीसुद्धा दोनच शब्द लिहिले आहेत.

आपली,
सोलापूर जिल्ह्यातील एक दंतवैद्य